सव्वाचारचं पाणी

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. अनसूया ही माझी सख्खी मावशी. तिच्या तोंडून ही हकिकत मी इतक्या वेळा ऐकली आहे की, कधीकधी ती माझ्याच घरात घडल्यासारखी वाटते. दर वेळी तिने ती तशीच सांगितली. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, बाराचे ठोके लागतात, लांब कुठेतरी कुत्रं रडावं लागतं.

इथं तसलं काही नाही.

तारीख १८ एप्रिल १९९१. गुरुवार. मीरा रोडजवळ पेणकरपाड्यात, शेतं बुजवून नव्याने उठलेली एक तीन मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावरचा जिन्यासमोरचा ब्लॉक. आणि वेळ दुपारी सव्वाचारची. बाहेर डोळे दिपवणारं ऊन.

अनसूया स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. घरात ती एकटीच होती.

आणि दाराबाहेर कोणीतरी पाण्याचा भरलेला कॅन खाली ठेवला...

थड.

मग दुसरा...

थड.

तिच्या हातातला साखरेचा चमचा तसाच राहिला. तो आवाज तिने दोन वर्षं रोज ऐकला होता. तो यतीनचा आवाज होता.

यतीन तिचा एकुलता एक मुलगा. त्याला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे त्या 'थड'चा अर्थ कळेल.

मावशीचे पती शशिकांतकाका फोर्टमधल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सव्वीस वर्षं काढल्यावर १९८७ साली त्यांनी ही जागा घेतली. बिल्डरच्या कागदावर छापलं होतं, 'चोवीस तास पाणी'. चोवीस तास कोणत्या महिन्यात, एवढं मात्र छापायचं राहून गेलं होतं. नळाला दोन-तीन दिवसांनी करंगळीएवढी धार यायची, तीसुद्धा तळमजल्याला. बाकी सगळा कारभार टँकरवर. चारच्या सुमाराला टँकर यायचा आणि मराठी, हिंदी, गुजराती अशी तिन्ही भाषांतली भांडणं एकदम सुरू व्हायची.

यतीन जवळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होता. साडेतीनला सुटायचा आणि कपडेसुद्धा न बदलता टँकरच्या रांगेत उभा राहायचा. दोन हातांत दोन पिवळे कॅन घेऊन जिने चढायचा. दुसऱ्या मजल्यावर एकदा टेकायचा. मग वर येऊन दाराबाहेर कॅन ठेवायचा आणि हाक मारायचा, "आई, पिंपाचं झाकण काढ."

त्या हाकेला आधण उकळलेलं असायचं. तो पाणी ओतेपर्यंत ती चहा गाळायची. दोघांच्या दिवसातला हाच काय तो निवांत वेळ.

१९८९च्या पावसाळ्यात त्याच्या पायांवर सूज आली. मग तोंडावर आली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाला मोजून दोन कप पाणी, त्यावर एक थेंब नाही. डॉक्टर योग्य तेच सांगत होते. मावशीने त्यांना कधी बोल लावला नाही. तिने बोल लावला तो स्वतःला.

ज्या मुलाने अख्ख्या घराचं पाणी भरलं, त्याला ती कपाने मोजून पाणी देत होती.

नऊ ऑक्टोबर, सोमवार. दोन कप सकाळीच संपले होते. दुपारी त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. तो म्हणाला, "आई, एक घोट दे ना."

"आज प्यायचं नाही रे राजा," ती म्हणाली. "उद्या सकाळी देते."

"बरं."

त्याने पुन्हा मागितलं नाही. लहानपणापासून तो तसाच होता. एकदा आईने नको म्हटलं की हट्ट नाही, रडणं नाही.

सव्वाचारला तो गेला. उशाजवळ भरलेला तांब्या होता.

त्यानंतर अनसूयेच्या घशाखाली पाणी उतरेना. पेला तोंडाशी न्यायची आणि खाली ठेवायची, चहा-ताकावर भागवायची. त्याच्या कॉटपाशी रोज तांब्या भरून ठेवायची, रोज तसाच ओतून द्यायची. वर्षश्राद्ध झालं तरी तिचं चालूच. शशिकांतकाकांचे चुलतभाऊ पंढरीनाथ एकदा घरी आले, त्यांनी हे पाहिलं आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं की, हिला गयेला घेऊन जा. तिथं पिंड दिला की गेलेला माणूस सुटतो आणि मागचेही सुटतात.

मार्च ९१च्या अखेरीस दोघं कल्याणहून हावडा मेलने निघाली. पितृपक्षाची वाट पाहिली नाही. गयेच्या श्राद्धाला काळवेळ लागत नाही म्हणतात.

तिथला पंडा, म्हणजे तीर्थोपाध्याय, सत्तरीचा होता. तिकडचाच, पण पिढ्यान्‌पिढ्या मराठी यजमान सांभाळल्यामुळे मराठी बोलायचा. त्याने विष्णुपदाच्या पायऱ्यांवर बसवून दोघांना गावाची गोष्ट सांगितली. गयासुर नावाचा असुर होता. इतका पुण्यवान, की त्याला नुसतं पाहिलं तरी माणसं तरून जायची. यमाला काम उरेना. तेव्हा देवांनी यज्ञासाठी त्याचं शरीरच मागितलं आणि त्याने ते दिलं. तो आडवा झाला, पण त्याचं अंग हलायचं थांबेना. शेवटी विष्णूने त्याच्यावर पाऊल रोवलं. ते पाऊल अजून दगडात आहे. असुराने जाताना एवढंच मागितलं, की माझ्या अंगावर जो पिंड ठेवील, त्याची माणसं मोकळी व्हावीत.

"पूर्ण गाव त्याच्या देहावर उभं आहे," पंडा म्हणाला. "म्हणून इथं हळू चालायचं."

आताचं काळ्या दगडाचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधवलं, हे ऐकल्यावर काकांनी मान ताठ केली. जणू काही वर्गणी त्यांनीच दिली होती. मावशी हे सांगताना अजूनही हसते. त्या सगळ्या प्रवासात हसण्यासारखं तेवढंच होतं.

मग ते फल्गू नदी ओलांडून पलीकडे गेले. नदी म्हणजे काय, नुसती वाळू. चैत्राच्या उन्हात पांढरी पडलेली. पण हाताने वीतभर उकरलं की खाली पाणी लागायचं.

पंड्याने तिथली गोष्ट सांगितली. राम-लक्ष्मण श्राद्धाचं सामान आणायला गेले होते. सीता इथं एकटी बसली होती. तेवढ्यात वाळूतून एक हात वर आला. दशरथाचा. मला आत्ता दे, थांबता येत नाही, म्हणाला. सीतेजवळ काहीच नव्हतं. तिने वाळूचाच पिंड केला आणि त्या हातावर ठेवला. राम आल्यावर तिने साक्षी काढले. फल्गू खोटं बोलली, मी काही पाहिलं नाही म्हणाली. सीतेने तिला शाप दिला, तुझं पाणी वाळूखाली जाईल. खरं बोलला एकटा वड. तो अक्षयवट. म्हणून गयेचं शेवटचं श्राद्ध त्या वडाखाली होतं.

अनसूयेने विचारलं, "गेलेल्या माणसाला भूकच लागते का? तहान नाही लागत?"

"तहान आधी लागते, माताजी."



सीतेने दिला म्हणून आईनेही इथं पिंड द्यायला हरकत नाही, असं पंडा म्हणाला. यतीनचा पिंड तिने स्वतःच वळला. फल्गूच्या ओल्या वाळूचा, लिंबाएवढा. पंड्याने दोन गोष्टी सांगून ठेवल्या. ही त्याच्या घराण्याची रीत होती. पिंड ठेवून उठलं की वडाला हात लागेपर्यंत मागे पाहायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि इथलं इथंच सोडायचं, वाळूचा कणसुद्धा घरी न्यायचा नाही. आज तो मोकळा होईल. मग त्याला दरवर्षीचं पाणीही नको.

हे शेवटचं वाक्य तिला सोसवलं नाही.

पाणीही नको? म्हणजे तो तहानलेलाच जाणार? मी उद्या देते म्हटलं होतं, तो उद्या आता कधीच येणार नाही?

पंडा डोळे मिटून मंत्र म्हणत होता. काकांचा चष्मा डोळ्यांतल्या पाण्याने धुरकट झाला होता. अनसूयेने तो पिंड पदराच्या टोकात घेतला, गाठ मारली आणि रिकाम्या वाळूवर तळहात दाबला.

"ठेवला?" पंड्याने विचारलं.

"ठेवला," ती म्हणाली.

ज्या वाळूत फल्गू खोटं बोलली, तिथंच बसून ती खोटं बोलली.

अक्षयवटाखाली आवडतं एक फळ नाहीतर भाजी कायमची सोडावी लागते. काकांनी कारलं सोडलं. त्यांनी जन्मात कारलं आवडीने खाल्लं नव्हतं. पंड्याने ते चालवून घेतलं, त्याला मुंबईच्या यजमानांची सवय असावी. अनसूयेनेही कसल्याशा फळाचं नाव घेतलं. खरं जे सोडायचं होतं, ते तिच्या पदराच्या गाठीत होतं.

घरी आल्यावर ती वाळू तिने स्टीलच्या डबीत ठेवली. डबी गव्हाच्या डब्यामागे. काकांना पत्ता नाही.

आणि १८ एप्रिलच्या दुपारी, काका कामावर गेलेले असताना, तिने डबी उघडली आणि त्या वाळूवर चमचाभर पाणी घातलं. "पी रे," असं काही ती म्हणाली नाही. नुसतं घातलं, जसं देवावर घालतात तसं.

सव्वाचारला दाराबाहेर कॅन वाजले.

तिने दार उघडलं...

कोणी नव्हतं.

पण फरशीवर पाण्याची दोन ओली वर्तुळं होती. कॅनच्या बुडाएवढी.

ती मोरीपाशी गेली. सकाळीच तिने पिंपाच्या तळाशी वाटीने खरवडून पाणी काढलं होतं. आता झाकण बाजूला सरकलं होतं...

आणि पिंपात निम्म्याला पाणी होतं.

"घाबरली नाहीस?" मी एकदा विचारलं होतं. मावशी म्हणाली, "घाबरायचं काय त्यात? माझा मुलगा घरी आला होता."

डबी उघडून पाहिली, तर वाळू कोरडी ठक्क. घातलेलं पाणी नाहीसं झालं होतं. तिला वाटलं, प्यायला. ती मोरीत बसून रडली. दीड वर्षानंतर पहिल्यांदा ते सुखाचं रडणं होतं. त्या संध्याकाळी ती स्वतःही पेलाभर पाणी प्यायली.

मग हे रोजचंच झालं. दुपारी ती डबीत पाणी घालायची. सव्वाचारला कॅन वाजायचे. दाराबाहेर दोन वर्तुळं, पिंपात पाणी. चमच्याचा कप झाला, कपाचा तांब्या. लिंबाएवढी वाळू, पण तांब्याभर पाणी जिरवायची आणि घटकाभरात पुन्हा कोरडी. ती जितकं घालायची, तितकं जायचं. एवढी कशी तहान रे माझ्या बाळाला, म्हणत ती घालत राहिली.

एकच गोष्ट तिला खटकायची. हाक येत नव्हती. "आई, पिंपाचं झाकण काढ," हे काही तो म्हणत नव्हता.

जूनमध्ये शशिकांतकाका निवृत्त झाले आणि दिवसभर घरी असायला लागले. पिंप भरलेलं पाहून ते चिडायचे. तू या वयात कॅन उचलतेस का, कंबर मोडून घेशील, म्हणायचे. ती पिंपावर झाकण ठेवायची. त्यांना एक नवीच खोड लागली होती. चार वाजून गेले की रेडिओ मोठ्याने लावायचे. इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायचे. तिला वाटलं, म्हातारपणामुळे कानाने कमी येत असेल.

त्या आवाजातही तिला जिना ऐकू यायचा.

गणपतीच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं की, पावलं हळू झाली आहेत. पूर्वी तो दुसऱ्या मजल्यावर एकदा टेकायचा. आता प्रत्येक मजल्यावर टेकत होता...

दिवाळीत दोन 'थड'मधलं अंतर वाढलं. एक कॅन ठेवल्यावर बराच वेळ शांतता... मग दुसरा.

डिसेंबरात दाराबाहेर धाप ऐकू यायला लागली. आजारातल्या शेवटच्या दिवसांत लागायची तशीच.

ती धावत जाऊन दार उघडायची.

फक्त वर्तुळं. आणि आता त्यांच्यामागे ओला ओरखडा... कोणीतरी कॅन उचलता न आल्यामुळे ओढत आणल्यासारखा.

तिने डबीत आणखी पाणी घातलं. तिला दुसरं काय सुचणार होतं?

जानेवारी ९२. इमारतीच्या जिन्याखाली दिवसभर एक भाजीवाली बसायची. विमलाबाई, पेणकरपाड्याच्या जुन्या वस्तीतली. ती तिथं बसायला लागली तेव्हा यतीन जाऊन दोन वर्षं झाली होती. तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, त्याच्याबद्दल कोणी सांगितलेलंही नव्हतं.

एका सकाळी मेथीची जुडी बांधता बांधता ती अनसूयेला म्हणाली, "बाय, एक सांगू? राग नको धरू. तुजा पोरगा लय गुणाचा हाय, पन त्याला पानी भराय नको लावू आता."

अनसूयेच्या हातातून पिशवी सुटली.

"पाय बघ त्याचं, कसं सुजलंत," विमलाबाई म्हणाली. "दोन पायऱ्या चढतो नि बसतो. काल मीच त्याच्याम्होरं तांब्या धरला. म्हटलं, पी रं बाबा, वठ फुटलंत तुजं. तं म्हनतो, न्हाय मावशी. आयनं सांगितलंय, प्यायचा न्हाय."

अनसूया तीन जिने कशी चढली, तिला आठवत नाही.

तो पीत नव्हता.

एक थेंबसुद्धा पीत नव्हता. तिने नऊ महिने घातलेलं सगळं पाणी तो कॅनमध्ये भरून, सुजलेल्या पायांनी तिलाच परत आणून देत होता. आजारातून सुटला नव्हता, तहानेतून सुटला नव्हता. सुटला असता, त्या दिवशी तिने वाळू खाली ठेवली असती तर. मेल्यावरही तिचं पोर तिच्या घरचं पाणी भरत होतं.

तिने गव्हाचा डबा ओढला, डबी काढली आणि काकांच्या पुढ्यात ठेवली. सगळं सांगितलं. ते ओरडतील, असं तिला वाटलं होतं.

शशिकांतकाकांनी डबीकडे पाहिलं. मग रेडिओकडे.

"मीसुद्धा रोज ऐकतो गं," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं, तर तू जास्तच खचली असतीस. म्हणून तो मोठ्याने लावायचो."

त्या दुपारी रेडिओ लागला नाही. दोघं दाराच्या आत फरशीवर बसून राहिली. सव्वाचारला पावलं आली. धाप आली... थड... आणि बराच वेळ गेला तरी दुसरा कॅन काही वाजला नाही. काका तोंडाला रुमाल लावून रडत होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. मुलाला खांदा देतानाही ते तसे रडले नव्हते.

मार्चमध्ये दोघं पुन्हा गयेला गेली.

पंड्याने ऐकून घेतलं. रागावला नाही. म्हणाला की, ज्या हाताने नेलं त्याच हाताने ठेवायचं. यजमानांनी अलीकडच्या घाटावर बसायचं, माताजींनी एकटीने नदी ओलांडायची. पिंड ठेवायचा, वर पाणी द्यायचं आणि परत यायचं. वडाला हात लागेपर्यंत मागे पाहायचं नाही, बोलायचं नाही. या वेळी चूक झाली तर तिसरी वेळ नाही.

अनसूया वाळू तुडवत पलीकडे गेली. डबीतली वाळू काढली, फल्गूच्या पाण्यात भिजवली, पिंड वळला. बरोबर तिने भरलेला तांब्या आणला होता. यतीनच्या उशाशी होता तोच.

तिने पिंड खाली ठेवला. या वेळी खरंच ठेवला. मग तांब्या त्यावर रिता केला. सगळा, शेवटच्या थेंबापर्यंत. मनात म्हणाली, घे बाळा, राहिलं होतं ते.

मग उठली आणि पाठ फिरवून चालायला लागली.

दुपारची वेळ. नदीच्या पात्रात दूरवर कोणी नाही. फक्त तिच्या पायांखालची वाळू वाजत होती.

पन्नास पावलं गेली असतील...

मागे वाळूवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. जड काहीतरी.

मग दुसरं.

तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि चालत राहिली.

आणि मग जवळजवळ अडीच वर्षं ज्याची वाट पाहिली, तो आवाज आला. अगदी जवळून. आजारातला नव्हे, त्याआधीचा, कारखान्यातून आल्यावर असायचा तसा.

"आई... आता पिऊ?"

एक शब्द. 'पी' एवढाच एक शब्द तिला म्हणायचा होता. त्याने तिचं ऐकलं होतं, मेल्यावरही ऐकलं होतं, आणि आता तो तिच्या परवानगीसाठी थांबला होता.

तिने दात आवळून पदर चावला. तोंडात रक्ताची चव आली.

ती चालत राहिली.

पुन्हा हाक आली नाही. एकदा नको म्हटलं की तो पुन्हा विचारायचा नाही.

घाटावर काका उभे होते, तिच्याकडे तोंड करून. म्हणजे तिच्या मागचं सगळं त्यांना दिसत होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी तिचा हात धरला आणि न बोलता तिला वडापर्यंत नेलं. तिने खोडाला हात लावला आणि खाली बसली. पंड्याने विचारलं, माताजी, या वेळी काय सोडणार? ती म्हणाली, "मागच्या वेळी राहिलं होतं ते."

रात्री धर्मशाळेत तिने काकांना विचारलं, "माझ्या मागे कोणी होतं का हो?"

त्यांनी पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड केलं.

"तू थांबली नाहीस, हे बरं केलंस," एवढंच म्हणाले.

ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, वर्षानुवर्षं. त्यांनी कधी 'होतं' म्हटलं नाही, कधी 'नव्हतं' म्हटलं नाही. १९९७ साली ते गेले. जे पाहिलं असेल ते बरोबर घेऊन गेले.

पेणकरपाड्यातल्या घरी परतल्यावर सव्वाचारला जिना वाजला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. पिंपाचा तळ कोरडा होता. विमलाबाईने आपणहून विचारलं, "पोरगा गावाला गेला काय गं बाय?" मावशीने मान हलवली.

सगळं नीट झालं, असं कोणीही म्हणेल. मीही म्हणाले असते.

पण मावशीने परत आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक नेम धरला आणि तो अजून सोडलेला नाही. दुपारी चार वाजता ती पाण्याने भरलेला तांब्या दाराबाहेर उंबऱ्यापाशी ठेवते आणि रिकाम्या जिन्याकडे पाहून मोठ्याने म्हणते, "पी रे बाळा. पी आता." वाळूत म्हणता आलं नाही ते रोज म्हणते. तासाभराने तांब्या आत घेते. पाणी जसंच्या तसं असतं. ते ती कुंडीतल्या तुळशीला घालते.

इतक्या वर्षांत त्यातला एक थेंब कमी झालेला नाही.

गेल्या खेपेला मी तिच्याकडे होते. तिने तांब्या आत आणला, दोन्ही हातांनी धरून त्याच्याकडे पाहत राहिली आणि मला विचारलं, "तो सुटला म्हणून प्यायला येत नाही ना गं? का अजून माझं ऐकतोय?"